लॉकच्या गळ्यातली पोटली

वसंतशेठने मला फसवलं. सहाचाकी ट्रक विकताना फसवलं, समोर बसवून चहा पाजून फसवलं, आणि वर देवीला मध्ये घातलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कोणाची बाजू घ्यायची याचा घोळ नको.

तर त्या दिवशी मी द्वारका सर्कलच्या पुढे युनूसभाईच्या चावीच्या दुकानासमोर उभी होते. ट्रक निम्मा रस्त्यावर, निम्मा गटारीच्या फरशीवर. मागून रिक्षावाले हॉर्न वाजवत होते. युनूसभाई केबिनमध्ये सीटवर आडवा पडून काम करत होता, त्याचे फक्त पाय दाराबाहेर दिसत होते. आतून आवाज आला, "ताई, गाडी मान नहीं रही है."

"मी गाडीला काही विचारलंच नाही. तुला चावी बनवायला सांगितली. तू मान."

"चावी बनी है. गाडी घेत नाही तिला."

माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. पंचवटीच्या मार्केटबाहेर भाजीची हातगाडी लावायचे, तिथून तीनचाकी, तिथून छोटा हत्ती, तिथून ट्रक. सगळ्या गाड्या जुन्या घेतल्या. नवी गाडी शोरूमच्या दारातून बाहेर पडली की जुनी होते. मग त्या दाराचे पैसे मी का भरायचे? जुनी गाडी घेण्यात मी आजवर फसले नव्हते. इंजिनचा आवाज ऐकून मी त्याचं वय सांगते. पण यंदा मला इंजिनने नाही फसवलं, चावीने फसवलं.

चावी कशाला हवी होती ते आधी सांगते. दिंडोरी रोडला द्राक्षांचं एक पॅकहाऊस आहे. पॅकहाऊस म्हणजे बागेतून आलेली द्राक्षं निवडायची, थंड करायची, खोक्यांत भरायची आणि परदेशी धाडायची, ती जागा. बागेतून पॅकहाऊसपर्यंत क्रेट वाहायचं सीझनभराचं काम मला मिळत होतं. हे काम मिळालं तर पावसाळ्यात गाड्या उभ्या राहिल्या तरी ड्रायव्हरांचे पगार निघतात. नाही मिळालं तर एक गाडी विकावी लागते. एवढा सरळ हिशेब होता.

तिथले मॅनेजर बोरस्ते साहेब. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक ट्रकची स्पेअर चावी गेटच्या ऑफिसात खिळ्याला टांगलेली पाहिजे. कारण ड्रायव्हर गाडी माल उतरवायच्या धक्क्याला लावतो, चावी खिशात टाकतो आणि चहाला जातो. मागे रांग लागते, द्राक्षं उन्हात तापतात. मग गेटवाल्याने गाडी बाजूला घ्यायची कशी?

"स्पेअर चावी पाहिजे. माझ्यासमोर चालू करून दाखवायची," साहेब म्हणाले. "नसेल तर आडगावचा ट्रान्सपोर्टवाला रोज फोन करतोय."

आडगावच्या त्या माणसाला मी ओळखते. तो भाव पाडतो आणि ताडपत्री फाटकी लावतो. काम त्याच्याकडे जाणं मला मान्य नव्हतं.

आणि माझ्या नव्या-जुन्या ट्रकला चावी एकच होती.

वसंतशेठचा गाड्यांचा अड्डा मालेगावच्या बाजूला, हायवेला लागून आहे. हा माणूस आधी बैलांचा व्यापारी. आजही बोनेट थोपटतो ते बैलाचं वशिंड थोपटावं तसं. सौदा सकाळी सुरू झाला तो जेवणवेळेपर्यंत चालला. मी दोनदा उठून हायवेपर्यंत चालत गेले, दोनदा त्याने माणूस पाठवून बोलावून घेतलं. हे असंच असतं, यात कोणी रागावत नाही. शेवटी सगळं जुळलं, फक्त एका गोष्टीवर तो अडून बसला.

"ताई, ही चिपची गाडी शे. ही चावी सोडून दुनियेतली कोणतीबी चावी लावा, चालू व्हणार नाय. रस्त्यावर सोडून द्या, चोर हात लावून रडत घरी जाईल. त्याचं जास्तीचं द्यावं लागीन."

"दुसरी चावी कुठंय?"

"हरवली. बनवून घ्या, किरकोळ काम शे."

मी जास्तीचे दिले. गाडी चोरीला जात नाही यासाठी दिले, हे लक्षात ठेवा.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडी विकली की जुना मालक आपला देव उतरवून नेतो. डॅशबोर्डवरची मूर्ती, आरशाचा हार, बंपरचं काळं बाहुलं. इंजिन आपलं झालं तरी देव त्याचा असतो. नवा मालक आपला देव बसवतो. वसंतशेठने स्वतःच्या हाताने स्क्रू काढून मूर्ती उतरवली, उपरण्यात गुंडाळली, कपाळाला लावली. पण एक लाल कापडाची पोटली तशीच ठेवली. चावी जिथे घालतात त्या लॉकच्या गळ्यालाच ती लाल दोऱ्याने घट्ट बांधलेली होती. माझा ड्रायव्हर भिकाभाऊ, पन्नाशीचा माणूस, तोंडात कधी शिवी नाही. त्याने ती सोडायला हात पुढे केला तर शेठने त्याचं मनगटच धरलं.

"ती मालकाची नाय, गाडीची शे. देवीच्या गडावरून आणेल शे. ती कधी काढू नका, उघडू नका. ज्यानं काढली त्याची गाडी जागेवर बसली."

भिकाभाऊने हात मागे घेऊन जोडले. मला वाटलं, माणूस सौद्याला चिवट आहे पण भाविक आहे. मला तो त्या क्षणी आवडला होता. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

आता परत युनूसभाईच्या दुकानात या.

युनूसभाई स्वतःला नाशिक जिल्ह्यातला एक नंबर समजतो. दुकानात त्याने स्वतःचाच फोटो लावलाय, हातात चाव्यांचा जुडगा. त्याने मला चिपचं गणित समजावलं. चावीच्या काळ्या प्लास्टिकच्या डोक्यात एक चिप असते. लॉकच्या भोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं. चावी फिरवली की ते कडं विचारतं, कोण आहे? चिप आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा निघाला तर इंजिनला डिझेल मिळतं. नाही तर स्टार्टर घर्रघर्र करतो आणि इंजिन काही पकडत नाही. नवी चिप आणली की मशीन लावून तिचा नंबर गाडीला शिकवायचा. एवढंच काम.

ते एवढंच काम होत नव्हतं. मशीन लावली की पडद्यावर फेल. परत लावली, परत फेल. काम करताना तो पोटलीच्या कडेकडेने हात घालत होता.

"भिकाभाऊ, ये जरा बाजूला धर ना."

"मी नाय धरणार. तिला हात लावायचा नाय."

"तो मी कशाला लावू? देवाची चीज आहे." आणि तो बिचारा मान वाकडी करून, बोटं वाकडी करून काम करत राहिला. तिघांपैकी एकाच्याही मनात ती सोडून बाजूला ठेवायचं आलं नाही. मीही त्यांतलीच.

शेवटी युनूसभाईने जाहीर केलं, "ताई, गाडीचा ईसीएम गेला. डोकं गेलं गाडीचं. नवं टाकावं लागेल."

"डोकं गेलं तर इथपर्यंत आली कशी?"

"आली ती नसीब से आली."

मग त्याने चावीचे दात नीट कापले गेलेत का ते बघायला एक साधी लोखंडी चावी कापली. चिप नाही, प्लास्टिक नाही, कपाटाला असते तशी. "ही चालू नहीं होगी, फक्त लॉक फिरतं का बघतो," म्हणाला, आणि फिरवली.

गाडी चालू झाली.

अगदी गोड आवाजात चालू झाली. युनूसभाईने बंद केली, परत फिरवली. परत चालू. तो चावीकडे बघत राहिला. समोरचा चहावाला हातात किटली घेऊन बघायला आला.

आता माझी पाळी होती. मी म्हणाले, "चिप म्हणे! नंबर म्हणे! डोकं गेलं म्हणे! ही कपाटाची चावी चालते आणि तुझी शहाणी चावी चालत नाही? लोकांना लुटायचं थोतांड आहे हे. चोर आहेस तू."

"ताई, चोर मत बोलो. चावीवाल्याला चोर बोललं तर धंदा बसतो."

"बसू दे." मी लोखंडी चावीचे पैसे टेकवले, चिपची चावी त्याच्या गल्ल्यावर आपटली आणि निघाले. सौदा जिंकल्याचा आनंद मला पंचवटीपर्यंत पुरला.

पॅकहाऊसला सगळं सुरळीत झालं. बोरस्ते साहेबांसमोर गेटवाल्याने लोखंडी चावीने ट्रक चालू केला, पुढे घेतला, मागे घेतला. चावी खिळ्याला लागली. काम मला मिळालं.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप आली. भिकाभाऊने ट्रक धक्क्याला लावला आणि मागचा फाळका उघडून क्रेटला हात लावला. बोरस्ते साहेब तिथेच उभे होते. पांढऱ्या क्रेटवर लाल अंगठा उमटलेला त्यांना दिसला.

"हे काय?"

"कुंकू हाय साहेब," भिकाभाऊ म्हणाला. "पोटली झिरपती थोडी. चावी लावताना बोटाला लागतं."

"परदेशातल्या माणसाने खोकं उघडल्यावर त्याला काय सांगू? द्राक्षं सवाष्ण आहेत? काढा ती पोटली."

"नाय काढायची साहेब. गाडी बसंल."

"गेटवाल्याला सांगा."

गेटवाला दोन पावलं मागे सरला. "मी सकाळी अंडी खाल्ली साहेब."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बिल लावायला तिथेच आले होते. माझी गाडी, माझं काम, मागे पिकअप आणि ट्रॅक्टर उन्हात उभे. मी चप्पल काढली, केबिनमध्ये चढले, दोरा सोडला, पोटली गेटच्या ऑफिसातल्या देवाच्या फोटोखाली ठेवली. वर नमस्कारही केला. याहून अदबीने कोणी काय करणार?

भिकाभाऊने चावी फिरवली. घर्रघर्र. परत फिरवली. घर्रघर्र. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकायला लागला. गाडी धक्क्याच्या तोंडात आडवी आणि जागेवर बसलेली.

"सांगितलं व्हतं," भिकाभाऊ शांतपणे म्हणाला.

खिळ्यावरची स्पेअर आणली. तेच. शेठने दिलेली काळ्या डोक्याची चावी परत लावली. तेच. मागचे ट्रॅक्टरवाले ओरडायला लागले. एक जण म्हणाला, "ताई, पोटली बांधून बघा की." मी चिडूनच आणली आणि लॉकच्या गळ्यात बांधली.

पहिल्या फेरीत गाडी चालू.

आत द्राक्षं निवडणाऱ्या बायका होत्या, पेठ-सुरगाण्याकडच्या. डोक्याला जाळीची टोपी, हातात कात्री, तशाच त्या धक्क्यावर आल्या. बोरस्ते साहेब म्हणाले योगायोग असेल, परत काढा. काढली, गाडी बंद. बांधली, गाडी चालू. तिसऱ्या वेळी बांधली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कँटीनमधून नारळ आला. एका बाईने बोनेटला हात लावून मुलीचं लग्न जमू दे असं सांगितलं. दुसरी म्हणाली, "गं, मोठ्यानं सांग, इंजिन चालू हे, ऐकू नाय जायचं."

बोरस्ते साहेबांनी मधला मार्ग काढला. पोटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बंद करून बांधायची. कुंकू झिरपायला नको. तसं केलं, तरी गाडी चालू झाली.

"देवीला प्लास्टिक चालतं," भिकाभाऊ म्हणाला.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरचा कशावर ढिला पडतो आणि कशावर अडतो, यावरून त्याच्या मनातलं कळतं. प्लास्टिक चालणारी देवी ऑफिसातल्या फोटोखाली का अडली? मी केबिनमध्ये बसून देवीशी सौदा करायला लागले. पोटली सोडून चार बोटं लांब धरली. चालू. वीतभर लांब धरली. बंद. परत चार बोटं. चालू. गडावर बसून सगळ्या मुलखाचं बघणारी देवी, तिचा हात वीतभरसुद्धा पोचत नाही? मला ते पटेना. ही देवी नव्हती. हे दुसरंच काहीतरी होतं.

पण बोरस्ते साहेबांना माझ्या शोधात रस नव्हता. त्यांना दुसराच प्रश्न पडला होता. गेटवाल्याने स्पेअर चावी खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली.

"मी या गाडीला हात लावणार नाही साहेब. माझ्या हातून काही चुकलं तर?"

"बघा ताई," साहेब म्हणाले, "स्पेअर चावी आहे, पण चालवायला माणूस नाही. मला चमत्कार नको, ट्रक पाहिजे. उद्या सकाळी बिनपोटलीचा चालू होणारा ट्रक आणा. नाही तर मी आडगावला फोन करतो."

मी ट्रक थेट द्वारका सर्कलला घेतला. युनूसभाई दुकानाच्या पायरीवर बसला होता. मला बघून त्याने मोबाईल कानाला लावला, पलीकडे कोणी नसताना बोलायला लागला.

"युनूसभाई, काम आहे."

"चोराकडे कशाला आलात?"

"चल, झालं गेलं."

"झालं गेलं नाही. इथे, चहावाल्यासमोर बोललात. इथेच माफी मागा. पूर्ण."

"अर्धी मागते. चिप थोतांड आहे म्हणाले ते मागे घेते. चोर म्हणाले त्याचं काम झाल्यावर बघू."

"ताई, माफीमध्ये घासाघीस?"

"तू ईसीएम गेला म्हणालास त्याचं काय? तू पूर्ण शहाणा असतास तर मी पूर्ण मागितली असती."

चहावाला म्हणाला, "पाऊण करा आणि मिटवा." पाऊणवर मिटलं. पाऊण माफी म्हणजे काय हे मला आजही माहीत नाही, पण त्याने मान्य केली.

मी त्याला चार बोटं आणि वीत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्याचे डोळे मोठे झाले. "पोटली उघडा," तो म्हणाला.

"तू उघड."

"मी नाही. भिकाभाऊ?"

भिकाभाऊ पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिला. "मी हितं न्हाईच असं समजा."

मीच उघडली. चहावाल्याकडून स्वच्छ बशी घेतली आणि तिच्यात रिकामी केली. कुंकू, अक्षता, सुकलेलं झेंडूचं फूल. आणि डाळिंबाच्या दाण्याएवढा एक काळा चपटा तुकडा.

युनूसभाई पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसत हसत त्याने मांडी थोपटली, मग माझ्याकडे बघून हसू आवरलं. तो काळा तुकडा म्हणजे गाडीची खरी चिप. मूळ चावीच्या डोक्यातून काढून लॉकच्या शेजारी बांधलेली. तारेचं कडं विचारायचं, कोण आहे? पोटलीतली चिप उत्तर द्यायची. मग लॉकमध्ये कपाटाची चावी घाला, नाही तर दात जुळणारा लोखंडाचा तुकडा घाला, गाडी चालू. आणि युनूसभाईची नवी चिप जवळ नेली की दोन्ही एकदम बोलायच्या. कड्याला कोणाचंच ऐकू यायचं नाही. म्हणून फेल.

वसंतशेठने मला दिलेली काळ्या डोक्याची चावी युनूसभाईने पकडीने फोडली. डोकं रिकामं होतं.

"म्हणजे मी जास्तीचे दिले ते चोरी होत नाही म्हणून," मी म्हणाले, "आणि ही गाडी कोणीही नेऊ शकत होता?"

"कोणीही. फक्त पोटलीला नमस्कार करून."

युनूसभाईने खरी चिप एका नव्या चावीच्या डोक्यात बसवली, दुसऱ्या चावीतल्या नव्या चिपचा नंबर गाडीला शिकवला. या वेळी मशीनवर फेल आलं नाही. मग त्याने लोखंडी चावी लावली. घर्रघर्र. गाडी चालू झाली नाही. मी विकत घेतलेली वस्तू चालली नाही म्हणून मला आनंद झाला, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. पैशांचं बोलणं फार झालं नाही. ईसीएमचा विषय मी दोनदा काढला, तेवढ्यावर तो योग्य भावाला आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरस्ते साहेबांसमोर ट्रक दोन्ही चाव्यांनी चालू झाला, लॉकच्या गळ्यात काही नसताना. गेटवाल्याने मात्र चावी घ्यायच्या आधी केबिनमध्ये डोकावून खात्री केली. चावी खिळ्याला लागली. काम माझ्याकडे राहिलं. निवडणाऱ्या बायकांना ते फारसं आवडलं नाही. मुलीच्या लग्नाचं सांगणारी म्हणाली, "आता ही नुसतीच गाडी झाली." आडगाववाल्याचा फोन त्या दिवशीही आला होता, साहेबांनी उचलला नाही.

भिकाभाऊने कुंकू, अक्षता, फूल सगळं परत लाल कापडात बांधलं आणि सुट्टी मागितली.

"गडावर जाऊन ठिवतो. माफी बी मागतो."

"तू का मागायची? तू काय केलंस?"

"वसंतशेठच्या वतीनं मागतो. त्यो काय जायचा नाय."

मी मात्र वसंतशेठकडे गेले. तो बाजेवर बसून चहा पीत होता. मला बघून उठला, "या ताई, गाडी कशी शे?"

मी चिप त्याच्या बशीत टाकली. ती मी खास युनूसभाईकडून आणली होती, दुसऱ्या कुठल्या तरी चावीतली खराब झालेली, पण दिसायला तशीच. तो तिच्याकडे बघून अजिबात दचकला नाही.

"उघडली का पोटली? उघडू नका सांगितलं व्हतं ना."

"तू खोटं बोललास."

"कोणता शब्द खोटा? काढू नका म्हटलं, काढली की गाडी बसंल म्हटलं. बसली का नाय?"

"बसली."

"चिपची गाडी शे म्हटलं. चिप व्हती का नाय?"

"होती. पोटलीत."

"मंग? पोटली गाडीतच व्हती ना. गाडीची शे, हेबी सांगितलं."

बाजूचे दोन दलाल मान हलवत होते, जणू कोर्टात साक्ष चालली आहे.

"चोरी होत नाही म्हणून जास्तीचे घेतलेस ना?"

"मंग चोरी झाली का?"

"लोखंडी चाव्या किती जणांकडे आहेत?"

आता तो जरा विचारात पडला. "व्हते पाच-सहा डायवर. चिपची चावी प्रत्येकाला कोण बनवून देतो? साध्या दिल्या व्हत्या. डायवर गेले. चाव्या काय कोणी परत करतं का, ताई?"

म्हणजे माझी गाडी आडगावच्या ट्रक लावायच्या मैदानात रात्ररात्र उभी असायची आणि तिच्या चाव्या पाच-सहा अनोळखी माणसांच्या खिशात फिरत होत्या. आणि त्या गाडीचं रक्षण करायला होती ती पोटली, जी कोणी काढली नाही तरच गाडी चोरता येत होती. हे मी दोनदा समजून घेतलं, तेव्हा कुठे मला कळलं की मी नेमके कशाचे पैसे दिले.

हे इथेच संपलं असतं. पण आता वसंतशेठ हायवेच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हीच गोष्ट सांगतो. त्याच्या गोष्टीत त्याने काही केलेलं नाही. ताईंनी देवीची पोटली उघडली, एवढंच आहे. परवा एक ड्रायव्हर माझ्याकडे कामाला यायला निघाला होता, त्याने अर्ध्या वाटेतून फोन करून नाही सांगितलं.

जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. इंजिन ऐका, टायर बघा, चासीचा नंबर घासून बघा. चिपची गाडी असेल तर चिपची चावी हाताच्या मुठीत घेऊन केबिनपासून लांब उभे राहा आणि दुसऱ्याला साध्या चावीने चालू करायला सांगा. चालू झाली तर समजा, चिप गाडीतच कुठेतरी लपवली आहे. आणि विकणारा ज्या वस्तूला हात लावू नका म्हणतो, तिला सगळ्यात आधी हात लावा, चप्पल काढून लावा हवं तर, पण लावा.

आणि वसंतशेठ, तुम्ही हे वाचाल किंवा तुमचा एखादा दलाल वाचून दाखवेल. माझा एकच सवाल आहे. जास्तीचे जे घेतले ते चिपचे घेतले की पोटलीचे? चिपचे असतील, तर चावीच्या डोक्यातून ती तुम्हीच काढली होती, आणि मला दिलेलं डोकं रिकामं होतं. ते पैसे माझे आहेत, परत करा. पोटलीचे असतील, तर ते तुमचेही नाहीत आणि माझेही नाहीत, देवीचे आहेत. गड चढा, देवस्थानच्या खिडकीवर भरा, पावती घ्या आणि ज्या टपऱ्यांवर गोष्ट सांगितली त्या प्रत्येक टपरीवर ती दाखवा. दोन्हीतला कोणता भाव मान्य आहे, ते तुम्ही ठरवा. पण शेठ, उत्तर द्या.